ऑपरेशननंतरच्या पाचव्या रात्री वॉर्डात कोण असतं, ते आधी विचारा

तुमची अडचण मला समजली तशी आधी मांडते. तुम्ही विट्याचे. वडील ६४ वर्षांचे, त्यांना साखर आहे, तंबाखूची सवय आहे. गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कॅन्सर निघालाय आणि मिरजेच्या डॉक्टरांनी आधी रेडिएशन, मग ऑपरेशन असं सांगितलंय. ऑपरेशनची भीती आहेच, पण त्याहून जास्त गोंधळ झालाय तो जवळच्या दोन अनुभवांमुळे. शेजारच्या काकूंचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी चहा दिला, दुपारी चालवलं आणि सहाव्या दिवशी घरी सोडलं. मामांचं ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात झालं. त्यांना पोट फुगून उलट्या होत होत्या म्हणून रात्री ॲडमिट केलं, लगेच ऑपरेशन झालं, मग पाच दिवस पाण्याचा थेंब नाही, नाकात नळी, आणि घरी यायला अडीच आठवडे लागले. एकाच प्रकारच्या ऑपरेशनला दोन हॉस्पिटलांत इतका फरक कसा, यातलं बरोबर कुठलं, आणि हे सगळं टाळायला सरळ पुणे-मुंबई गाठावं का, असं तुम्ही विचारता.

मी सर्जिकल वॉर्डातली सिस्टर. सांगली, मिरज, कराड या पट्ट्यात सरकारी, ट्रस्टचं आणि खाजगी अशा तिन्ही प्रकारच्या हॉस्पिटलांत काम केलंय आणि आता ज्या वॉर्डाची इन्चार्ज आहे तिथे पोटाच्या कॅन्सरचे पेशंट कायम असतात. टेबलावर काय घडतं ते सर्जननी सांगावं. पेशंट थिएटरच्या दारातून बाहेर आल्यापासून स्वतःच्या पायांनी घरी जाईपर्यंतचं मात्र मी सांगू शकते, आणि तुमचा प्रश्न तिथलाच आहे.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. पहिला, सगळं सुरळीत चाललेल्या पेशंटला लवकर उभं करण्याची पद्धत कुठल्या हॉस्पिटलात चांगली आहे. दुसरा, काही बिघडलं तर ते कुठे लवकर लक्षात येतं आणि कुठे लवकर सावरलं जातं. चहा, चालणं, नळ्या, डिस्चार्जचा दिवस हा पहिला फरक नातेवाइकांना डोळ्यांनी दिसतो, म्हणून गावात चर्चा त्याचीच होते. दुसरा फरक दिसत नाही, आणि जीव वाचणं न वाचणं बरंचसं त्यावर असतं.

पहिल्यापासून सुरू करते. काकूंच्या हॉस्पिटलात जे केलं त्याला, म्हणजे ऑपरेशननंतर माणूस लवकर सावरावा म्हणून आखलेल्या पद्धतीला, डॉक्टर मंडळी ‘ईरास’ म्हणतात. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली: ऑपरेशन नीट झालेला हा पेशंट आज हॉस्पिटलात का आहे? उत्तरं ठरलेली होती. दुखतंय, मळमळतंय, आतडं सुस्त पडलंय, नळ्या लावल्यात, अंगात त्राण नाही. मग त्यातलं एकेक कारण घेऊन ते कमी करत न्यायचं, असा तो मार्ग. २००१ मध्ये युरोपातल्या सर्जननी त्यावर एकत्र काम सुरू केलं आणि २०१० मध्ये ईरास सोसायटी झाली. आज मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनांसाठी ही पद्धत जगभर मान्य आहे.

वॉर्डात ती अशी दिसते. आदल्या रात्रीपासून कोरडं ठेवण्याऐवजी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखे पातळ पदार्थ चालतात (साखरवाल्यांचं थोडं वेगळं असतं, ते भूलतज्ज्ञ सांगतात). सलाईन मोजून देतात, कारण जास्त सलाईननं आतड्यालाही सूज येते. दुखणं कमी करायला पाठीतून किंवा पोटाच्या भिंतीत भूल देतात, म्हणजे गुंगी आणणारी, आतडं सुस्त करणारी इंजेक्शनं कमी लागतात. नाकातली नळी सरसकट ठेवत नाहीत. लघवीची नळी शक्य तितकी लवकर काढतात. गुदाशयाच्या ऑपरेशनात मात्र तिथल्या नसांजवळ काम झालेलं असतं, म्हणून ती जास्त दिवस राहू शकते. तेवढ्यावरून हॉस्पिटलाला नावं ठेवू नका. त्याच दिवशी घोट-घोट पाणी, दुसऱ्या दिवशी पेज, मऊ भात, मुगाचं वरण. आणि चालणं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरच्यांची सगळ्यात मोठी भीती इथे असते. ‘आतड्याला टाके घातलेत, पाणी गेलं तर टाके सुटतील’ असं मला दर आठवड्याला कुणी ना कुणी सांगतं. पण माणसाने काहीच प्यायलं नाही तरी लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून दिवसाला काही लिटर द्रव आतड्यात येतच असतो. आतडं कोरडं असं कधी नसतंच. त्यामुळे कपभर पाण्यानं जोड, म्हणजे गाठ काढून आतड्याची दोन टोकं जिथे जोडलीत ती जागा, सुटत नाही. उलट आतड्याला लवकर काम मिळालं की ते लवकर जागं होतं, आणि पोषण नसेल तर जखम भरायला ताकद कुठून येणार? अर्थात पोट ताठ झालंय, उलट्या होताहेत अशा पेशंटला जबरदस्तीने भरवायचं नाही. लवकर खायला देणं म्हणजे रोज पोट बघून, विचारून, पुढचं पाऊल टाकणं.

आता मामांचं. तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण त्यातच बरंच उत्तर आहे. त्यांना पोट फुगून, उलट्या होत असताना रात्री आणलं होतं. म्हणजे गाठीमुळे आतडं अडलेलं होतं आणि ऑपरेशन घाईत करावं लागलं. अशा पेशंटचं आतडं आधीच ताणून सुजलेलं असतं, शरीरातलं पाणी आणि क्षार कमी झालेले असतात, पोटात साठलेलं वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्याला नाकातली नळी लागते आणि त्याचं आतडं उशिरा जागं होतं. ती नळी पाचही दिवस हवीच होती का, की जुन्या सवयीनं ठेवली, हे केसपेपर बघितल्याशिवाय सांगणं योग्य होणार नाही. पण ठरवून ऑपरेशन झालेल्या काकू आणि रात्री धावपळीत ऑपरेशन झालेले मामा यांची तुलना करून हॉस्पिटलं पारखता येणार नाहीत. वडिलांचं ऑपरेशन ठरवून होणार आहे, त्यांची वाट काकूंच्या जवळची आहे. फक्त गुदाशयाचा खालचा जोड मोठ्या आतड्याच्या जोडापेक्षा नाजूक असतो, एवढं लक्षात ठेवा.

जुनी सवय हे कारणही काही ठिकाणी खरं आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. ईरासचा कागद भिंतीवर लावणं सोपं असतं, वॉर्डात रोज पाळणं अवघड. पोट उघडलेल्या माणसाला पहिल्यांदा उठवायला दोन माणसं लागतात. एकजण सलाईन आणि ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) सांभाळतो, दुसरा पेशंटला. रात्रपाळीला एका सिस्टरकडे भरपूर पेशंट असतील तर ती इंजेक्शनं वेळेवर देईल की कुणाला चालवेल? फिजिओथेरपिस्ट रविवारी नसतात, सर्जनची ऑर्डर ‘मोबिलाइज’ (उठवा, चालवा) अशी एका शब्दात असते आणि नातेवाईक म्हणतात, ‘सिस्टर, राहू दे हो, आज दुखतंय त्यांना.’ असे तीन दिवस गेले की छातीत कफ साठतो. म्हणून पेशंटला चालवलं का नाही याचं उत्तर डॉक्टरच्या ज्ञानापेक्षा वॉर्डातल्या हातांच्या संख्येत जास्त सापडतं.

आता न दिसणारा फरक. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या घफेरी, बर्कमायर आणि डिमिक या सर्जननी २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापला. २००५ ते २००७ या काळात मोठी ऑपरेशनं झालेल्या ८४,७३० पेशंटची माहिती त्यांनी घेतली. सगळ्यात कमी मृत्यू होणाऱ्या हॉस्पिटलांत शंभरात ३.५ पेशंट दगावले होते, सगळ्यात जास्त होणाऱ्यांत ६.९. जवळपास दुप्पट. कुणालाही वाटेल की दुसऱ्या गटात ऑपरेशनं वाईट होत असतील, गुंतागुंत जास्त होत असेल. तसं नव्हतं. गुंतागुंत दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, एकीकडे शंभरात २४.६ तर दुसरीकडे २६.९. फरक पुढे होता. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी चांगल्या गटात १२.५ टक्के गेले, दुसऱ्या गटात २१.४ टक्के. म्हणजे जोडाला गळती, न्यूमोनिया, रक्तस्राव हे सगळीकडे होतं. काही हॉस्पिटलं त्यातून पेशंटला बाहेर काढतात, काहींना ते तितकं जमत नाही.

ही अमेरिकेची गोष्ट म्हणून बाजूला ठेवाल, तर २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास आपल्या जास्त जवळचा आहे. स्तन, जठर आणि मोठं आतडं-गुदाशय यांच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले ८२ देशांतले जवळपास सोळा हजार पेशंट त्यात होते. मोठी गुंतागुंत झाल्यावर मृत्यू होण्याचा धोका कमी उत्पन्नाच्या देशांत कितीतरी जास्त निघाला. आणि जिथे ऑपरेशननंतरच्या देखभालीच्या सोयी कायम उपलब्ध नव्हत्या, तिथे दर शंभर मोठ्या गुंतागुंतींमागे सात ते दहा मृत्यू जास्त होते. यातला ‘कायम’ हा शब्द वॉर्डात काम करणाऱ्याला लगेच कळतो. आयसीयू असणं वेगळं आणि शनिवारी रात्री दोन वाजता त्यात तुमच्या वडिलांसाठी खाट, व्हेंटिलेटर आणि ते चालवणारा माणूस असणं वेगळं.

बिघडतं म्हणजे कसं, ते सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. आतड्याच्या जोडाची गळती बहुतेकदा तिसऱ्या दिवसापासून आठवड्याभरात डोकं वर काढते. पहिले दोन दिवस पेशंट छान असतो, चालतो, खातो. मग एका संध्याकाळी तो म्हणतो, ‘गॅस झालाय, जेवण नको.’ ताप नसतो किंवा ९९ असतो. पोट थोडं फुगलेलं. नाडी मात्र काल ८४ होती ती आज ११२. श्वास जरा जलद. लघवी कमी. कधी पेशंट उगाच चिडतो, असंबद्ध बोलतो आणि बायको म्हणते, ‘हे असं कधी बोलत नाहीत.’ या वेळी ज्या वॉर्डात सिस्टर नाडीचा आकडा नुसता लिहून पुढे जात नाही, कालच्या आकड्याशी ताडून बघते आणि फोन उचलते, तिथे पेशंटचे कित्येक मोलाचे तास वाचतात. फोनवर ‘पॅन्टॉप (ॲसिडिटीचं औषध) द्या, सकाळी बघू’ असं उत्तर आलं तर ते तास परत जातात. चांगल्या ठिकाणी रात्रीचा डॉक्टर स्वतः येऊन पोट बघतो, रक्त पाठवतो, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) करतो आणि सर्जनला झोपेतून उठवायला कचरत नाही. गरज असेल तर सीटी स्कॅन त्याच रात्री होतो. पू साचला असेल तर सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत नळी घालून काढतात. जोड मोठा सुटला असेल तर पुन्हा थिएटर.

यातला एकेक टप्पा वेगवेगळ्या माणसांच्या हातात असतो, आणि एकाने उशीर केला तर बाकीच्यांचं कौशल्य वाया जातं. माझ्या नोकरीत मी उत्तम सर्जनचे पेशंट रात्रीच्या ढिलाईमुळे गंभीर झालेले पाहिलेत. साध्या, जुन्या इमारतीतल्या वॉर्डात सावध स्टाफमुळे गळती लागल्यावरही पेशंट उभे राहिलेलेही पाहिलेत. स्वागतकक्षातली फरशी आणि एसी बघून यातलं काही कळत नाही.

आणखी एक आकडा देते, तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. लिंडा एकेन यांच्या गटाने युरोपातल्या नऊ देशांत केलेला अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेला पेशंट तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. आपल्याकडे नातेवाईक सर्जनचं नाव, डिग्री, परदेशातलं ट्रेनिंग सगळं विचारतात. रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात हे मला आजवर क्वचितच कुणी विचारलंय. ते विचारत जा.

तर हॉस्पिटल ठरवण्याआधी सर्जनना भेटाल तेव्हा काय विचारायचं? ‘सक्सेस रेट किती’ हे विचारू नका, त्याला गोल उत्तर मिळतं. असं विचारा: डॉक्टरसाहेब, हे ऑपरेशन तुम्ही नियमित करता का? जोडाला गळती झाली तर इथे काय करता? हा दुसरा प्रश्न फार बोलका आहे. जो सर्जन शांतपणे सांगतो की हो, होऊ शकते, एवढ्या टक्के लोकांना होते, झाली तर आम्ही असं-असं करतो, त्याच्या हाती मी माझा माणूस देईन. ‘माझ्याकडे गळती होतच नाही’ असं म्हणणाऱ्याकडे देताना मी दहादा विचार करेन, कारण गुदाशयाच्या खालच्या जोडाची गळती जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या केंद्रांतही होते. मग रात्रीचं विचारा. ऑपरेशननंतर पहिल्या काही रात्री कुठे ठेवणार? रात्री वॉर्डात डॉक्टर प्रत्यक्ष असतो की घरून फोनवर? सीटी इथेच होतो की पेशंटला बाहेर न्यावं लागतं, आणि रविवारी? रक्तपेढी किती लांब? भूलतज्ज्ञ रात्री किती वेळात पोहोचतात? हे विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी वॉर्डात एक चक्करही मारून या. ऑपरेशन झालेले पेशंट खुर्चीत बसलेत, कॉरिडॉरमध्ये चालताहेत, की सगळे आडवे आहेत? खाटेजवळच्या चार्टवर नाडी आणि श्वास दर काही तासांनी लिहिलेत का, की एकदाच रांगेने सारखेच आकडे भरलेत? दहा मिनिटांत बरंच कळतं.

स्टोमाचं वेगळं विचारा. गुदाशयाच्या ऑपरेशनात खालच्या जोडाला आराम मिळावा म्हणून पोटावर तात्पुरतं शौचाचं तोंड, म्हणजे स्टोमा, काढून पिशवी लावतात, वडिलांनाही ती लागण्याची शक्यता आहे. तिची जागा ऑपरेशनच्या आधी, माणसाला बसवून, उभं करून, वाकवून पेनने खूण करून ठरवायची असते. धोतराची गाठ कुठे येते, पँटचा पट्टा कुठे येतो, मांडी घालून बसल्यावर पोटाला घडी कुठे पडते, हे बघावं लागतं. झोपलेल्या पेशंटच्या पोटावर ठरवलेली जागा पुढे घडीत जाते, पिशवी सुटते, कातडी सोलते आणि शेतात राबणारा माणूस घराबाहेर पडायचं बंद होतो. जिथे ऑपरेशनआधी ही खूण करतात आणि पेशंट व घरचा एकजण स्वतः पिशवी बदलून दाखवेपर्यंत डिस्चार्ज देत नाहीत, ते हॉस्पिटल पुढच्या देखभालीचा विचार करतं असं समजायला हरकत नाही.

आता पुणे-मुंबईचं. इथे ‘अवलंबून आहे’ असंच मला म्हणावं लागेल, पण कशावर ते सांगते. स्वादुपिंडाचं व्हिपल नावाचं मोठं ऑपरेशन किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन असतं तर मी म्हटलं असतं, जिथे ही ऑपरेशनं सतत होतात तिथेच जा, मग ते परळचं टाटा असो नाहीतर दुसरं मोठं केंद्र, आणि लांब पडलं तरी जा. या दोन ऑपरेशनांत हॉस्पिटलाच्या सरावाचा फरक फार मोठा पडतो, हे अमेरिकेतल्या २००२ च्या बर्कमायर यांच्या मोठ्या अभ्यासातही स्पष्ट आलं होतं. मोठ्या आतड्यासाठी तो फरक बराच कमी होता. गुदाशयाचं ऑपरेशन या दोन्हींच्या मधे येतं. गाठ वर असेल आणि सर्जन हे काम नेहमी करत असेल तर मिरज, सांगली, कराड, कोल्हापूर या टापूत ते चांगलं होऊ शकतं. मिरजेला तर वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासूनची शंभरावर वर्षांची वैद्यकीय परंपरा आहे, भूलतज्ज्ञ, रक्तपेढ्या, स्कॅन सगळं थोड्या अंतरात आहे. गाठ अगदी खाली, गुदद्वाराच्या स्नायूंपाशी असेल आणि कायमची पिशवी टाळता येईल का हा प्रश्न असेल, तर एकदा मोठ्या केंद्रात दुसरं मत घ्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचता येतं. मत घेऊन यायला हरकत नाही. तिथेच ऑपरेशन करायचं का, हे त्यानंतर ठरवा.

ठरवताना एक गोष्ट तराजूत घाला: डिस्चार्जनंतर तुम्ही किती लांब असाल. सहाव्या दिवशी मुंबईहून विट्याला आणलं आणि आठव्या दिवशी पोट फुगलं, तर ज्यांनी ऑपरेशन केलं ते सर्जन साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरवर आहेत. जवळचा डॉक्टर कागद बघत बसतो, पेशंट रात्रभर ॲम्ब्युलन्समध्ये. मुंबईत करणार असाल तर निदान दोन-तीन आठवडे तिथेच राहायची सोय करा. इथे केलं तर विटा-मिरज अंतर आटोक्यातलं आहे. जत-आटपाडीच्या टोकाच्या वाडीवरचा किंवा पावसाळ्यात पाटण-जावळीच्या डोंगरातला पेशंट असेल तर आमच्याकडेही त्याला थोडं उशिरा सोडतो. त्याला जास्त दिवस ठेवलं म्हणून हॉस्पिटल मागासलेलं ठरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं म्हणून पुढारलेलंही ठरत नाही. घरी जाण्याची कसोटी दिवसांवर नसते: नेहमीचं जेवण पोटात टिकतंय, दुखणं गोळ्यांवर भागतंय, स्वतः उठून संडासला जाता येतंय, नाडी-ताप शांत आहे, पिशवी सांभाळता येतेय, आणि काही झालं तर कुणाला फोन करायचा तो नंबर हातात आहे.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची बरीच ऑपरेशनं बसतात. पण सगळी हॉस्पिटलं योजनेत नसतात आणि योजनेतल्या हॉस्पिटलातही प्रत्येक ऑपरेशन बसेलच असं नाही. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) आधीच भेटा आणि एक नेमका प्रश्न विचारा: गुंतागुंत होऊन आयसीयूतले दिवस वाढले किंवा दुसरं ऑपरेशन लागलं तर तो खर्च कोणाचा? मध्यरात्री सीटी करायचा की नाही हा निर्णय पैशांच्या विचाराने सकाळपर्यंत लांबलेला मी पाहिलाय, म्हणून हे शांत डोक्याने आधीच बोलून ठेवलेलं बरं.

तुमच्या हातात आता सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती म्हणजे वेळ. आधी रेडिएशन, ते संपल्यावर ऑपरेशनपर्यंत बहुतेकदा पुन्हा काही आठवडे जातात. ते वाट बघण्यात घालवू नका. तंबाखू आजपासून बंद. मशेरीही त्यातच आली. साखर फिजिशियनकडून आटोक्यात आणून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं, त्याला वेळ लागतो म्हणून आत्ताच विचारा. रोज चालणं वाढवा. अंडी, दूध, डाळी, शेंगदाणे, खात असतील तर मासे-चिकन असं प्रथिनांचं पोटात जाऊ दे. या काळात नातेवाईक दयेनं साबुदाण्याची खीर आणि बिस्किटं घेऊन येतात, त्यातून ताकद येत नाही आणि साखर मात्र वाढते. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र ऑपरेशनआधीच आणून सराव करून घ्या. ऑपरेशननंतर दुखत असताना ते पहिल्यांदा शिकवायला गेलं तर कुणालाच जमत नाही.

घरी आल्यावर दोन गोष्टी हमखास राहून जातात. पोटातल्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका डिस्चार्जबरोबर संपत नाही. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं आठवडाभरच दिलेल्यांत बारा टक्के लोकांना गुठळ्या झाल्या आणि चार आठवडे दिलेल्यांत पाचच्या आत, असं २००२ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. तरीही कित्येक डिस्चार्ज कागदांवर त्याचा उल्लेख नसतो. ‘ही सुई घरी किती दिवस घ्यायची?’ हे सर्जनना विचारून लिहून घ्या, टोचायला सिस्टरकडून शिकून घ्या. किडनीचा त्रास किंवा रक्तस्राव असेल तर डॉक्टर वेगळं ठरवतील.

दुसरी गोष्ट लहान आतड्याच्या स्टोमाची, म्हणजे पिशवीसाठी लहान आतडं पोटावर आणलेलं असेल तर. त्यातून पातळ शौच आणि त्याबरोबर मीठ जातं. दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं, तोंड कोरडं पडलं, लघवी गडद आणि कमी झाली तर किडनीवर ताण येतो. एप्रिल-मेच्या उन्हात हे दोन दिवसांत होतं. घरचे मायेनं नारळपाणी आणि साधं पाणी भरपूर पाजतात, पण त्या दोन्हींत मीठ फारसं नसतं, आणि नुसतं पाणी जास्त प्यायल्याने स्टोमातून आणखी वाहतं. मीठ-साखरेचं प्रमाण बरोबर असलेलं ओआरएस लागतं. पिशवीतलं माप एका वहीत लिहा. आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, वाढत जाणारं पोटाचं दुखणं, उलटी, १०० च्या वर टिकून राहिलेली नाडी, पायाला सूज किंवा दम यांतलं काहीही दिसलं तर गावातल्या दवाखान्यात ताकदीचं सलाईन लावून बघत बसू नका. थेट ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलात जा, रात्र असली तरी.

तुमच्या वडिलांसाठी याहून नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: एमआरआय झालाय का आणि त्यात गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर लिहिली आहे, रेडिएशन पाच दिवसांचं सांगितलंय की पाच-सहा आठवड्यांचं, आणि त्यांचं हिमोग्लोबिन व तीन महिन्यांची साखर किती आहे. नाव झाकून एवढं लिहा, मग मिरजेत सर्जनपुढे कुठले प्रश्न आधी ठेवायचे ते मी क्रमाने सांगते.